गुण आला, पण कशाचा?

मराठी घरात अर्धशिशीला अर्धशिशी म्हणणारं माणूस विरळाच. तिचं चालू नाव 'पित्त'. सकाळपासून डोक्याची एक बाजू ठणकतेय, खिडकीतला उजेड सोसत नाही, फोडणीच्या वासाने मळमळतंय, आणि दुपारी कधीतरी कडू-आंबट उलटी झाली की डोकं हळूहळू उतरतं. उलटीनंतर बरं वाटलं, म्हणजे पोटातलं पित्तच डोक्यात चढलं होतं, हा हिशेब इतका सरळ आहे की त्यावर शंका घ्यायचं कुणाला सुचत नाही. मग आदल्या दिवशी काय खाल्लं याची चौकशी लागते. तूरडाळ, शेंगदाणे, लोणचं, हॉटेलातली भाजी असं एकेक ताटातून बाद होत जातं. ज्यांना पित्त पटत नाही ते सायनसवर जातात, उरलेले चष्म्याचा नंबर तपासून येतात.

प्रत्यक्षात मळमळ आणि उलटी ही या आजाराचीच लक्षणं आहेत. झटका चालू असताना जठराचं काम मंदावतं, म्हणून खाल्लेलं पोटात पडून राहतं, म्हणून तोंडावाटे घेतलेली गोळीही त्या वेळी धड लागू पडत नाही. पुष्कळांचा झटका उलटीच्या सुमारास ओसरतो, हे खरं. पण जे शेवटी येतं ते कारण असतंच असं नाही. हा साधा घोळ मी इथे मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण अर्धशिशी कशाने होते आणि नैराश्य कशाने बरं होतं, या दोन्ही प्रश्नांवर आपल्याकडे जे ठामपणे बोललं जातं त्याच्या तळाशी हाच घोळ आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की आपण लगेच कावळ्याचं वजन मोजायला घेतो.

हा आजार काही थोड्याथोडक्यांचा नाही. जगात साधारण शंभर कोटी माणसांना तो आहे आणि पुरुषांच्या मानाने बायकांत जवळजवळ तिप्पट. आपल्या शेजारच्या कर्नाटकात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास निघालं होतं. म्हणजे चारातला एक. एवढा पसरलेला आजार आणि त्याला घरात धड नावही नाही, कारण तो बहुतांशी बायकांचा, आणि बायकांचं डोकं दुखणं हे आपल्याकडे आजारात मोजत नाहीत, स्वभावात मोजतात.

विज्ञानालाही हे कोडं लवकर सुटलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात आणि पुढेही बराच काळ अमेरिकेतल्या हॅरॉल्ड वुल्फ यांचा सिद्धांत चालत होता: डोक्यातल्या रक्तवाहिन्या आधी आकसतात, मग फुगतात, आणि ठणका सुरू होतो. पुढे नजर रक्तवाहिन्यांवरून मज्जातंतूंकडे वळली. १९४४ साली ब्राझीलचे आरिस्तिदेस लिआओ यांनी सशाच्या मेंदूत एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला काही मिलिमीटर अशा गोगलगायीच्या गतीने एक लाट सरकत जाते आणि तिच्यामागे पेशी काही काळ गप्प होतात. काही रुग्णांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, त्यांचा उलगडा या लाटेने होतो. नंतर सीजीआरपी नावाचं एक छोटं प्रथिन सापडलं. झटक्याच्या वेळी चेहऱ्या-डोक्याच्या संवेदना नेणाऱ्या नसांतून ते सुटतं आणि वेदना पेटती ठेवतं. या शोधमालिकेसाठी एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन या चौघांना २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. त्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून बाजारात आहेत, फक्त आपल्याकडच्या पगारात बसत नाहीत.

यातून एवढं समजतं की अर्धशिशीचं मूळ ताटात नाही. ते मेंदूच्या घडणीत आहे आणि बऱ्याच अंशी वारशाने येतं. हा मेंदू बदलाला लवकर बिचकतो. झोप कमी झाली तरी आणि रविवारी जास्त झाली तरी. जेवण चुकलं तरी. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन उतरलं तरी. परीक्षेच्या ताणात नाही, तर परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपास करून, वर दिवसभर घरचं सगळं उरकणारी बाई संध्याकाळी डोक्याला फडकं आवळून पडते तेव्हा घरातले म्हणतात, साबुदाण्याने पित्त झालं. बिचाऱ्या साबुदाण्याचा दोष एवढाच की तो फार उशिरा पोटात गेला.

आता गंमत अशी की ज्यांना आपण कारणं समजतो त्यातली काही आजाराची पहिली पावलं असतात. डोकं दुखायला लागण्याच्या काही तास, कधी दीड-दोन दिवस आधी मेंदूतली हालचाल सुरू झालेली असते. हायपोथॅलॅमस, म्हणजे झोप, भूक, तहान सांभाळणारा भाग, आधीच जागा झालेला असतो. मग जांभया येतात, मान अवघडते, चिडचिड होते, काहीतरी गोड खावंसं वाटतं. माणूस चॉकलेट खातो, रात्री डोकं धरतं, आणि ठपका चॉकलेटवर. १९९७ साली डोकेदुखीच्या ६३ रुग्ण स्त्रियांना चॉकलेट आणि चवीला तसंच लागणारं दुसरं काही, कोणतं कोणतं ते न सांगता, खायला देऊन पाहिलं. फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ साली याहून धीट प्रयोग झाला. लखलखीत उजेडाने किंवा जोराच्या व्यायामाने आपल्याला हमखास झटका येतो असं सांगणाऱ्या २७ जणांना तोच उजेड आणि तोच व्यायाम मुद्दाम दिला. चमकत्या रेषांसह झटका आला तो फक्त तिघांना.

याचा अर्थ ती माणसं खोटं बोलत होती असा नाही. झटक्याच्या उंबरठ्यावर डोळ्यांना उजेड आधीच बोचायला लागलेला असतो. बोचलेलं आठवतं, बाकीच्या दिवशी तोच उजेड बिनबोभाट सोसला ते आठवत नाही. म्हणून रोजनिशी ठेवायची ती फक्त दुखण्याच्या दिवसांची नव्हे, न दुखलेल्या दिवसांचीही. किती जण ठेवतात? न दुखणाऱ्या दिवसाची नोंद करायला कुणाला उत्साह असतो! आणि एक गोष्ट या नोंदीत हटकून सुटते: गोळ्या. साधी वेदनाशामकं महिन्यातले पंधरा दिवस, किंवा मिश्र गोळ्या आणि ट्रिप्टान गटातली औषधं दहा दिवस, असं तीन महिने चाललं की त्या गोळ्याच डोकेदुखीचं कारण होऊन बसतात. मेडिकलवाल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणारी डोकेदुखीची पट्टी आपण कारणांच्या यादीत कधी धरतच नाही.

तर अर्धशिशी असलेल्या बाईला मोठ्या इस्पितळाच्या ओपीडीत काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रांग, केसपेपर, तीन मिनिटं, "टेन्शन घेऊ नका". ती तिथून निघते आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून होमिओपॅथीच्या दवाखान्यात जाते. टेबलापलीकडे जाड वही उघडी असते. डोकं कोणत्या बाजूचं? दिवस वर येतो तसं चढतं का? दाबून धरलं की बरं वाटतं की हात लावलेला चालत नाही? तहान तांब्याभर की घोटघोट? ताटात वरून मीठ घेता? पाळी? झोप? स्वप्नं कसली पडतात, पडल्यासारखी की कुणी पाठलाग केल्यासारखी? आणि मग, मान वर करून: "ताई, रडू आलं की कुणी जवळ घेतलेलं आवडतं, की दार लावून रडता?" या प्रश्नाशी बाई थबकते. लग्नानंतर हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेलं असतं.

दार लावून रडत असेल, सांत्वन नकोसं वाटत असेल, खारट आवडत असेल आणि डोकं उन्हाबरोबर चढत-उतरत असेल तर पुस्तकातलं औषध ठरलेलं आहे: नेट्रम म्युर. अर्धशिशीलाही तेच आणि मनात गिळलेल्या दुःखालाही तेच. ताज्या दुःखाला इग्नेशिया, जगण्याचाच वीट आला असेल तर ऑरम म्हणजे सोनं, घरच्यांविषयी कोरडेपणा आला असेल तर सेपिया. दोन आजारांना एकच औषध हे ऐकायला विचित्र वाटलं तरी त्यामागचं निरीक्षण चूक नाही. अर्धशिशी असलेल्यांना नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त असते आणि उलट दिशेनेही नातं आहे. ॲमिट्रिप्टिलिन हे नैराश्यासाठी आलेलं जुनं औषध मेंदूविकारतज्ज्ञ आजही अर्धशिशी रोखायला लहान मात्रेत देतात. डोकं आणि मन ही दोन खाती नाहीत, हे त्या जाड वहीला ओपीडीच्या केसपेपरपेक्षा अधिक कळलेलं असतं. माझा आक्षेप वहीवर नाही, पुडीवर आहे.

नेट्रम म्युर म्हणजे आपलं स्वयंपाकघरातलं मीठ. शंभरात एक भाग असं तीस वेळा विरळ केलं की 'तीस पोटन्सी' होते, म्हणजे मूळ द्रव्य एकावर साठ शून्यं इतक्या पटीने पातळ झालेलं असतं. ५८ ग्रॅम मिठात जेवढे घटक असतात त्यांची संख्या सहावर तेवीस शून्यं एवढी भरते. तेव्हा बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ मिठाचा शेवटचा कणही हाती लागेनासा होतो, पुढच्या अठरा पायऱ्या नुसतं पाणी किंवा स्पिरिट हलवण्याच्या. साखरेच्या गोळीत चुकून राहिलेलं मीठ याहून जास्त असेल. शिवाय ती बाई दुपारच्या आमटीतून चमचाभर मीठ खाऊनच दवाखान्यात आलेली असते.

होमिओपॅथीचा जनक सॅम्युएल हानेमान मूर्ख नव्हता. १७९० साली सिंकोनाची साल स्वतः खाऊन त्याने प्रयोग केला, तेव्हाचं युरोपातलं वैद्यक रक्त काढणं आणि पारा पाजणं यात रमलेलं होतं. १८५४ च्या पटकीत लंडनच्या होमिओपॅथिक इस्पितळात माणसं तुलनेने कमी दगावली, कारण बाकीच्या ठिकाणी उपचारच घातक होते. काहीही न करणं हे त्या काळी सर्वोत्तम औषध होतं आणि हानेमानने ते नकळत शोधून काढलं. आपल्याकडे कोलकात्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार हे एम.डी. झालेले डॉक्टर १८६७ मध्ये होमिओपॅथीकडे वळले, आणि याच गृहस्थांनी १८७६ साली विज्ञानसंशोधनाची ती संस्था काढली जिथे पुढे सी. व्ही. रामन यांनी काम केलं. तेव्हा होमिओपॅथीवर विश्वास ठेवणारा तो अडाणी, ही टिंगल इतिहासात टिकत नाही. पण इतिहासात टिकणं वेगळं आणि चाचणीत टिकणं वेगळं.

"मला गुण आला ना!" हे उत्तर हमखास येतं, आणि ते खरंच असतं. गुण आलेला असतो. प्रश्न कशाचा हा आहे. अर्धशिशी आणि नैराश्य, दोघांचा स्वभाव लाटेचा. चढतात, उतरतात. माणूस डॉक्टर बदलतो तो अगदी तळाला असताना, आणि तळाला असलेल्या माणसाचं पुढचं पाऊल बहुधा वरच पडतं. त्या आठवड्यात गंडा बांधला असता, सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खाल्ली असती, तर श्रेय तिकडे गेलं असतं. वर अपेक्षेचा गुण. २०१४ साली बोस्टनच्या संशोधकांनी ६६ अर्धशिशीग्रस्तांना एकेका झटक्याला वेगवेगळ्या पाकिटांतून गोळी दिली. कधी खरं औषध 'हे निष्क्रिय आहे' अशा चिठ्ठीसह, कधी निष्क्रिय गोळी औषधाच्या नावाने. औषधाच्या नावाची पोकळ गोळी आणि पोकळ नावाचं खरं औषध, दोघांनी जवळपास सारखाच आराम दिला. आणि हे डोकेदुखीच्या कसलेल्या औषधाबाबत! विश्वासाने काहीच होत नाही असं म्हणायची सोय या प्रयोगाने ठेवलेली नाही. म्हणूनच पुडीला श्रेय द्यायचं तर तिने निव्वळ विश्वासाहून जास्त काही करून दाखवायला हवं.

ते तिने केलेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली १७६ अभ्यास तपासून सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही. फ्रान्ससारख्या होमिओपॅथीप्रेमी देशाने २०२१ पासून सरकारी विम्यातून तिचे पैसे परत देणं बंद केलं. नैराश्यापुरतं बोलायचं तर हाताशी असलेले प्रयोग मोजके. ब्राझीलमध्ये ९१ रुग्णांत होमिओपॅथी फ्लुओक्झेटिन या नैराश्याच्या औषधाच्या तोडीस तोड ठरली, पण तिथे निष्क्रिय गोळीचा गटच नव्हता, त्यामुळे दोन्ही गट आपापले सुधारले असतील ही शक्यता उरतेच. मेक्सिकोत रजोनिवृत्तीच्या वयातल्या १३३ स्त्रियांवरच्या चाचणीत ती निष्क्रिय गोळीपेक्षा सरस आली, हेही सांगितलं पाहिजे. पण एका चाचणीवर एवढा मोठा दावा उभा राहत नाही. जर्मनीत मात्र नेमका हवा तो प्रयोग आखला होता, सविस्तर मुलाखतीचा परिणाम वेगळा आणि गोळीचा वेगळा मोजणारा. २२८ रुग्ण हवे होते, मिळाले ४४. संधिवातावर तसाच प्रयोग इंग्लंडमध्ये पार पडला तेव्हा उत्तर स्पष्ट मिळालं: फायदा मुलाखतीचा, गोळीचा नाही.

कुणी म्हणेल, मग असू द्या की, साइड इफेक्ट तर नाहीत. अर्धशिशीपुरतं हे मी एखादे वेळी मान्यही करीन. तिथे चूक झाली तर एक दुपार अंधाऱ्या खोलीत जाते. नैराश्यात चूक झाली तर माणूस जातो. आणि होमिओपॅथीच्या बोलण्यात चूक पकडायची सोयच ठेवलेली नसते. त्रास वाढला तर औषध लागू पडतंय. कमी झाला तर औषधानेच. काहीच झालं नाही तर कॉफी प्यायलात, कांदा-लसूण खाल्लात, कापूर हुंगलात. "मुळापासून बरं करायचंय, वेळ लागणार" या एका वाक्यावर महिने जातात, आणि त्या महिन्यांत काही जण आधी चालू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम थांबवतात.

दुसऱ्या बाजूला सगळं लख्ख आहे असंही नाही. नैराश्याच्या २१ औषधांच्या ५२२ चाचण्या, सव्वा लाखाच्या जवळ जाणारे रुग्ण, असा मोठा हिशेब २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळी औषधं निष्क्रिय गोळीपेक्षा सरस निघाली, पण फरक माफक होता. औषध कंपन्यांनी नको ते निकाल दाबून ठेवल्याचंही याच वैद्यकाच्या चौकटीतल्या लोकांनी उघड केलं. म्हणजे इथे मोजायची फूटपट्टी तरी आहे आणि ती स्वतःवरही चालवतात. पण फूटपट्टी असून दारात डॉक्टर नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, २०१५-१६ साली, देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही भरत नव्हता आणि नैराश्याच्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक रुग्णांना उपचार मिळत नव्हते. अशा देशात तासभर ऐकून घेणाऱ्याकडे लोक जातात यात नवल ते काय?

म्हणून मला गोव्यातला प्रयोग वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांना बसवलं. सहा-आठ बैठका. ऐकायचं, आणि ज्या गोष्टी माणसाने सोडून दिल्या त्या एकेक करून परत करायला लावायच्या. मध्यम ते तीव्र नैराश्याचे जवळपास पाचशे रुग्ण घेऊन तुलना केली आणि निकाल २०१७ साली छापला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांत ३९. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या गावांत 'विश्राम' कार्यक्रमाने हीच वाट धरली. तिथे नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. जाड वहीचा परिणाम पुडीपासून सोडवून मोजता येतो, तो टिकतो, आणि तो शिकवताही येतो.

महाराष्ट्रात होमिओपॅथीचे डॉक्टर भरपूर आहेत. वस्तीतला, वाडीतला पहिला डॉक्टर पुष्कळदा बीएचएमएसच असतो. २०१४ साली कायदा बदलून, वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना काही ॲलोपॅथिक औषधं लिहिण्याची वाट सरकारने मोकळी केली आणि तेव्हापासून डॉक्टरांच्या संघटना न्यायालयात आणि रस्त्यावर भांडताहेत. भांडण सगळं गोळ्यांचं, कुणी कोणती लिहायची याचं. ज्या एका बाबतीत हे डॉक्टर बाकीच्यांपेक्षा तयार आहेत, ते निवांत विचारणं, त्याचा उल्लेख दोन्ही बाजूंच्या निवेदनात नसतो. गोव्यात जे समुपदेशकांना शिकवलं ते यांना शिकवायला काय हरकत आहे? नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात, ती भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि स्वप्नांपर्यंत चौकशी करणाऱ्याला ती जड जायची नाही. त्यातला नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा, स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा आहे. त्याला 'हो' आलं तर त्या दिवशी ऑरमची पुडी बांधायची नाही. घरच्या कुणाला तरी बोलावून, सोबत देऊन मनोविकारतज्ज्ञाकडे धाडायचं, आणि रात्र झाली असेल तर तिथल्या तिथे १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीला फोन लावून द्यायचा.